कंपनीची गल्लीत चौकशी

प्रणालीला अकोल्यातल्या एका बियाणे कंपनीनं प्रयोगशाळेत नोकरी देऊ केली होती. होकार की नकार, ते रविवारी संध्याकाळी सहापर्यंत कळवायचं होतं. नकार दिला तर अमरावतीत, राजापेठेतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचं तिसरं वर्ष सुरू होणार होतं. पहिल्या दोन वर्षांत तिला तिथल्या पंख्याचा आवाज तेवढा पाठ झाला होता.

नोकरी धरण्याआधी त्या कामातल्या माणसाला भेटा, वीस मिनिटं मागा, प्रश्न विचारा, आभार मानून उठा, असं तिनं इंटरनेटवर वाचलं. त्याच प्रयोगशाळेत काम करणारा अमोल ओळखीतून सापडला. रविवारी सकाळी घरी या, म्हणाला. तिनं वहीत सहा प्रश्न लिहिले.

"अनोळखी घरी एकटी कशी जाशीन? मी येतो," वडील, खुशालराव, म्हणाले. चूक इथं झाली.

अकोल्यात अमोलच्या दारात रांगोळी होती. दिवाणावर नवी चादर होती, दुकानातल्या घड्या तशाच. समोर पोहे, गुलाबजाम आणि कडक इस्त्रीतला अमोल. अमरावतीची एक मुलगी वडिलांसोबत माझ्या नोकरीची माहिती घ्यायला येतेय, असं त्यानं घरी सांगितलं होतं. मुलगा एकोणतीस वर्षांचा असल्यावर आई याचा जो अर्थ काढेल, तोच त्याच्या आईनं, कौशल्याबाईंनी काढला होता.

प्रणालीनं वही उघडली. "सुरुवातीला पगार किती असतो?"

"चाळीस हजार," कौशल्याबाई म्हणाल्या. अमोल छताकडे बघू लागला.

"कामाचे तास?"

"नऊ ते पाच. सव्वापाचले गाडी दारात. रविवार पुरा घरी."

"आई, सीझनमध्ये तसं नसते, आज बी रजा काढून..."

"तू पोहे खा."

"या कामातली सगळ्यात वाईट गोष्ट कोणती?"

"त्याले कायचंच व्यसन नाही जी," कौशल्याबाई हात जोडून म्हणाल्या. "सुपारी बी खात नाही."

प्रणालीनं पेन बंद केलं. खुशालरावांना मात्र आता कुठे गोडी लागली होती. "वावर किती आहे मंग?" त्यांनी विचारलं.

"सात एकर. ओलिताचं."

तीन प्रश्न वहीत तसेच राहिले. गुलाबजाम संपले.

रस्त्यावर आल्यावर खुशालराव म्हणाले, "मानसं चांगली आहेत."

"बाबा, आपन नोकरी पाहाले आलो होतो."

"मंग घरात काहून इचारत बसली? घरात कोनी खरं सांगते का? रागिणीच्या वक्ती मी दोन दिवस पोराच्या गल्लीतल्या पानठेल्यावर उभा होतो. सारं तिथंच समजलं." रागिणी ही त्यांची पुतणी. त्या चौकशीनं ते लग्न ठरता ठरता मोडलं होतं आणि खुशालरावांना त्याचा अजून अभिमान होता.

"आता कंपनीची गल्ली कुठून आनू?"

"गेटसमोर चहा कोनी इकत असनच ना."

एमआयडीसीत कंपनीच्या आवारात चाळीसेक दुचाक्या लागल्या होत्या. रविवारी. समोर पार्बताबाईंची टपरी होती. खुशालरावांनी दोन चहा सांगितले आणि सवयीनं सुरुवात केली, "बाई, इथं पोरगी द्याची आहे."

"कोनाले?"

"कंपनीले."

पार्बताबाईंनी प्रणालीला नीट पाहून घेतलं. "सीझनमध्ये रविवार नाही. घरी जाता जाता आठ वाजतात. पगार सांगतात सात तारीख, होते पंधराले. लॅबमध्ये तीन वर्षांत चार जनी आल्या, तिघी गेल्या."

"चौथी?"

"गीतांजली. तिचा आवाज इथंवर येते. बियानं नापास म्हंजे नापास. साहेब मंग बाहेर येऊन लागोपाठ दोन चहा पेते. थांब, ती येईनच."

गीतांजली आली. चाळिशीची, हाताला ओली माती. प्रणालीनं सहाही प्रश्न विचारले. पाच मिनिटं लागली. पगार बावीस हजार निघाला.

"सगळ्यात वाईट गोष्ट?"

"जुलै. शेतकरी पिशवी घेऊन गेटवर येतात, उगवलं नाही म्हनतात. सारे साहेब मीटिंगमध्ये राह्यतात. खाली मी येते."

"मंग काय सांगता त्यायले?"

"मी जे पास केलं ते उगवते. बाकीचं कोनी पास केलं, त्याचं नाव सांगते." तिनं चहा संपवला. "म्हनून मले बढती नाही. तू आली तं दोघी होऊ, तुलेही भेटनार नाही."

खुशालरावांनी मागच्या वर्षी उगवलं नाही म्हणून सोयाबीन दोनदा पेरलं होतं. त्यांनी तिच्याही चहाचे पैसे दिले. गीतांजली आत गेल्यावर मात्र म्हणाले, "चाळीसचे बावीस झाले. रविवार गेला. बढती बी नाही. चाल घरी."

प्रणालीनं मोबाइल काढला होता. होकार लिहिला आणि खाली एक ओळ घातली: गीतांजली मॅडमच्या हाताखाली ठेवत असाल तरच.

"अशी अट घालते का कोनी?" खुशालराव म्हणाले.

"लग्नात घालत होते ना तुमी."

उत्तर अकरा मिनिटांत आलं. उद्या नऊला हजर व्हा. अटीबद्दल एवढंच लिहिलं होतं की, त्यांच्या हाताखाली जायला दुसरं कोणी तयार नाही.