नळी कोणाकडे होती

एकोणीसशे ब्याऐंशी सालच्या हिवाळ्याच्या अखेरीस माझ्यामुळे एक माणूस भ्याला. मी एकनळी बंदूक बोलतेय. कोर्टात सगळे माझ्याविषयी बोलले, मला कोणी विचारलं नाही.

माझी नळी कारखान्यात घडली, दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. पहिला मालक फळबागवाला. त्याने मला फक्त पाखरं उडवायला वापरलं. तरी मी भिंतीवर टांगलेली असले की त्याची बायको त्या भिंतीकडे पाठ करून बसत नसे. माणसाची ही खोड मला लवकर कळली. रिकामी बंदूकही त्याला भरलेलीच दिसते.

पुढे माझा चाप अडकू लागला, म्हणून मालकाने मला मिस्त्रींकडे दुरुस्तीला दिलं. मिस्त्री कडक. दुकानात नियम एकच. बंदूक फळीवर ठेवायची ती उघडून, नळी भिंतीकडे. एकदा एका फौजदाराने घाईत नळी त्यांच्याकडे केली. मिस्त्री म्हणाले, "साहेब, बाहेर जा आणि पुन्हा आत या." फौजदार निमूटपणे गेला आणि परत आला.

मिस्त्रींचा धाकटा भाऊ हाच नियम शिकून मोठा झाला होता. पूर्वी दुकानाला आग लागली, तेव्हा धुरात कोसळलेल्या मिस्त्रींना त्यानेच पाठीवर घालून बाहेर काढलं होतं. मिस्त्रींनी ते कधी बोलून दाखवलं नाही. पण तो दारात दिसला की उठून स्वतःचं स्टूल त्याला देत.

त्या दिवशी तो स्टुलावर बसलाच नाही. त्याची बायको माहेरी गेली होती, आणि मेहुणा तिला पाठवत नव्हता. त्याला कपाटातली काडतुसं हवी होती. मिस्त्री म्हणाले, घरी जा, चार घास खा, झोप. त्याने फळीवरून मला उचललं, खटकन बंद केलं आणि भावाच्या छातीवर रोखलं.

"दादा, कपाटाची किल्ली दे."

माझी फायरिंग पिन, काडतुसावर आपटून बार उडवणारी, काढून बशीत ठेवलेली होती. दोघांनाही ती दिसत होती. तिच्यावाचून मी म्हणजे नुसती काठी. तरी माझ्या तोंडासमोर मिस्त्रींच्या सदऱ्याचं बटण भराभर वरखाली होत होतं. त्यांनी किल्ली काढून पुढे केली. चापावरचं धाकट्याचं बोट आवळलं गेलं, आणि खरं सांगते, मीही भ्याले.

बशीतली पिन खिशात टाकून तो काडतुसं आणि मला घेऊन निघाला. मिस्त्रींनी शेजारच्या दुकानातून पोलिसांना फोन केला. भाऊ काडतुसं घेऊन मेहुण्याकडे निघालाय, एवढंच सांगितलं. गल्लीच्या तोंडाशी त्याला धरलं.

कोर्टात माझ्या चापाला चिठ्ठी बांधून मला टेबलावर ठेवलं. धाकट्याचा वकील म्हणाला, पिनच बसवलेली नव्हती, मग हिंसा कसली? न्यायाधीशबाईंनी जे समजावलं, ते मला असं कळलं. कायदा बंदुकीच्या पोटात डोकावत नाही. बळाचा धाक दाखवून वस्तू घेतली की तो हिंसक गुन्हा, मग गोळी सुटो न सुटो. अशा गुन्ह्यात बंदूक असली की शिक्षा दहा वर्षांनी वाढते. धाक न दाखवता किल्ली उचलली असेल, तर ती चोरी. चोराजवळ बंदूक होती, एवढ्याने चोरीची हिंसा होत नाही.

म्हणून त्यांनी मिस्त्रींना एकच गोष्ट विचारली. "नळी कोणाकडे होती?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. माझं लोखंड गार पडलं. खरं सांगितलं, तर भाऊ म्हातारा होऊन सुटणार. खोटं सांगितलं, तर लवकर सुटणार, आणि उद्या बंदूक घेऊन कोणाच्या तरी छातीसमोर उभा राहणार. तेव्हा पिन जागेवर असेल.

"भिंतीकडे," मिस्त्री म्हणाले. "आमच्या दुकानात तसा नियमच आहे."

शिक्षा चोरीची झाली, थोडक्या वर्षांची. मी पोलिसांच्या मालखान्यात, जप्त केलेल्या वस्तूंच्या खोलीत, आले. इथे अंधार आहे, नळीत गंज उतरतोय. उतरू दे. दार वाजलं की मात्र अजून धसका बसतो, कोणी मला न्यायला तर आलं नाही ना? माझी एकच विनंती आहे. ती पिन परत बसवू नका.

कोर्टातल्या त्या दिवसाचं एवढंच सांगायचं राहिलं. धाकट्याला नेत होते, तेव्हा तो मिस्त्रींसमोर थांबला आणि हात पुढे केला. मिस्त्रींनी आपले हात पाठीमागे नेले.

"आगीतलं फिटलं," ते म्हणाले. "सुटलास की माझ्या दुकानाची पायरी चढू नकोस."