नवं सॉफ्टवेअर आणि मायचं कपाळ

प्रबुद्धचं लग्न झालं ते २०२३ साल. त्याच साली त्याच्या वडिलांच्या, शिवदासच्या, गोवंडीतल्या फोटोच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर आचके देऊ लागला. चालता चालता पडदा निळा व्हायचा आणि हातातलं काम जायचं. नवा घेतला तर त्यावर जुनं फोटोचं सॉफ्टवेअर चालणार नाही, असं दुरुस्तीवाल्यानं तोंडावर सांगितलं होतं.

शिवदासचा धंदा मुख्यतः गेलेल्या माणसांचा. माणूस गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला भिंतीवर लागणारा फोटो वस्तीत त्याच्याकडूनच व्हायचा. कुणाच्या तरी लग्नात मागे उभा राहिलेला चेहरा घेऊन लोक येत, आणि तो केस न् केस जपत ते माणूस गर्दीतून सोडवून काढी. जुन्या सॉफ्टवेअरवर त्याची बोटं न बघता चालत. नवं घेतलं आणि माणसं ओळखूच येईनाशी झाली तर? लोकांना तोंड कसं दाखवायचं?

त्याहून मोठा घोर घरात होता. त्याची आई शांताबाई खाटेला खिळली होती. आता घरीच ठेवा, असं डॉक्टर म्हणाले होते. तिचा एकच हट्ट, "माझा फोटू आधी मला दाव. मेल्यावर कोन बघनार हाय?"

सून ऋतिकानं लॅपटॉप पुढे सरकवला. "पप्पा, नवीन सॉफ्टवेअर ट्रायलवर टाकलंय. आजींचाच फोटो करून बघा ना."

"आणि बिघडला तर?"

"मूळ फोटो कुठे पळून जातोय? किती टेन्शन घेता यार... सॉरी पप्पा."

प्रबुद्धच्या लग्नात पांढऱ्या लुगड्यात बसलेल्या शांताबाईंचा फोटो त्यानं उघडला आणि ऋतिकानं दाखवलेलं बटण दाबलं. क्षणात चेहरा धुतल्यासारखा झाला. सुरकुत्या गेल्या, कपाळावरचे आणि हनुवटीवरचे गोंदणाचे हिरवे ठिपकेही गेले. शिवदासनं लॅपटॉप मागे ढकलला.

"बघ, गोंदण खाल्लं! वस्तीतल्या प्रत्येक म्हातारीचं हेच होणार. नको मला हे. जुनं चालेल तोवर चालेल."

"काय खाल्लं रं?" खाटेवरून आवाज आला. "आन हिकडं."

"नको माय, मशीननं वाट लावलीय. मी जुन्यावर नीट करतो."

"आन म्हनते ना!"

शांताबाईंनी पडद्यावर बोट फिरवलं. कपाळापाशी बराच वेळ ठेवलं.

"लहान व्हते. आईनं अन् मावशीनं हातपाय धरले, मग त्या बाईनं सुया टोचल्या. वरडून वरडून घसा बसला. मला इचारलं व्हतं का कुनी? जल्मभर बाळगलं. तू सवताहून काढलं असतंस का?"

शिवदासच्या मनात ते कधी आलंच नव्हतं.

"न्हाईच काढलं असतंस. मेल्यावर तरी तोंड माझ्या मनासारखं असू दे. पन सुरकुत्या कुठं घालवल्यास? त्या माघारी आन. त्या माझ्या कमाईच्या हायेत."

ऋतिकानं पडद्यावरची पट्टी मागे ओढली. सुरकुत्या आल्या, त्यांच्याबरोबर ठिपकेही आले. "हे बटण दोन्ही एकदमच करतं, पप्पा. वेगळं हवं तर हातानं करायचं."

ऋतिका सांगत गेली तसा शिवदास शिकत गेला. पहिल्या ठिपक्याशी त्यानं बोट दोनदा मागे घेतलं. आपण आईला पुसतोय असंच त्याला वाटलं. ठिपका गेला, त्याखालची सुरकुती तशीच राहिली. शांताबाई डोळ्यांची पापणी न लववता बघत होत्या.

"आता हनवटीचा," त्या म्हणाल्या. "घाबरतूस काय? मला दुखत न्हाई आता."

दुसऱ्या दिवशी शिवदासनं सुनेला सांगितलं, "नवंच घेऊ. पण ते बटण माणसाला विचारल्याशिवाय कुणी दाबायचं नाही."

१२ ऑक्टोबर २०२३, गुरुवारी सकाळी शांताबाई गोवंडीच्या घरी वारल्या.