त्सुकुदासाहेबांचा शिक्का

आमच्या कंपनीत तोंडावर नाही म्हणत नाहीत. एक कागद निघतो, टेबलाटेबलावरून फिरतो आणि त्यावर ज्याने त्याने आपल्या नावाचा लाल शिक्का मारायचा. तोही सरळ नाही, वरच्या साहेबाच्या शिक्क्याकडे किंचित कलता, म्हणजे नाव नमस्कार करतंय असं दिसतं. हसू नका, मी बावीस वर्षं हेच केलंय आणि माझा कल ओसाकाच्या या अख्ख्या इमारतीत सगळ्यांत सुरेख मानला जायचा.

आणि कुणाला अगदीच पटलं नाही, तर तो शिक्का उलटा मारतो, डोकं खाली, पाय वर. बोलायचं काही नाही. पण चौथ्या मजल्यावर, संचालकांकडे, उलटा शिक्का दिसला की कागद थांबतो आणि त्या माणसाला चहाला बोलावून ऐकून घेतात. मी असे तीन पाहिले. तिन्ही आमच्या त्सुकुदासाहेबांचे.

साहेब आमच्या डबा विभागाचे प्रमुख. व्हिडिओ गेमची चकती, तिचा डबा, आतलं पुस्तक, ते दुकानात पोचवणं, हे सगळं आमच्याकडे. आम्ही अकरा जण. त्या एप्रिलमध्ये कंपनीची दोन भागांत वाटणी झाली : एक ‘डिजिटल मुख्यालय’ आणि दुसरा ‘इतर’. इतर म्हणजे आम्ही. मग हळूहळू आमचे फोन वाजेनासे झाले. एका सोमवारी आलो तर भिंतीवरचं जुन्या डब्यांचं कपाटच गायब. नुसती फिकट चौकट उरली होती.

त्यानंतर संचालक मिबू स्वतः खाली आले, हातात मिठाईचा खोका घेऊन. बावीस वर्षांत या माणसाने आम्हाला साधं बिस्किट दिलं नव्हतं.

“तुमचा विभाग म्हणजे कंपनीचा पाया आहे हो,” ते म्हणाले.

ते गेल्यावर साहेब मिठाई चघळत म्हणाले, “ऐकलंत ना, इसोगाईबाई? पाया. म्हणजे आता जमिनीखाली घालणार.”

“शुभ बोला की जरा!” मी म्हणाले.

“गुळाने मरतोय त्याला विष कशाला घालतील? खा, चांगली आहे.”

सगळे हसले. मीही हसले, पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

मे महिन्याच्या सुट्ट्यांआधी साहेब तीन दिवस तोत्तोरीकडे निघाले. तिथल्या म्हाताऱ्या दुकानदारांना धीर द्यायचा होता. निघताना माझ्या टेबलाशी थांबले. “विभाग बंद करायचा कागद येईल. आला की बाजूला ठेवा. त्याच्यावर मी माझ्या हाताने मारणार, आणि कसा मारणार ते तुम्हाला माहीतच आहे. एक उलटा शिक्का पडला तरी वर्षभर बोलणी चालतील. तेवढ्यात बघू काहीतरी.”

“तुम्ही निर्धास्त जा,” मी म्हणाले.

साहेबांचा शिक्का माझ्याच खणात असायचा. रोजच्या किरकोळ कागदांवर त्यांच्या वतीने मीच मारायचे. नियमात बसत नव्हतं, पण सगळ्या विभागांत हेच चालायचं आणि सगळ्यांना ते ठाऊक होतं. मिबूंनाही.

शुक्रवारी सकाळी चौतीस कागदांचा गठ्ठा आला. वर चिठ्ठी : बारापर्यंत परत. मी एकेक मथळा वाचत गेले. पंख्यांची दुरुस्ती. पार्किंगचे पास. गोदामातील जागेचा फेरवापर. विभाग बंद करण्याचं कुठे नावही नव्हतं. हुश्श म्हटलं आणि चौतीस शिक्के मारले. एकेक असा नेमका कलता, की माझं मलाच कौतुक वाटलं.

मंगळवारी साहेब परतले, कांद्याच्या लोणच्याची बरणी घेऊन. “आला का कागद?”

“नाही आला.”

“बरं झालं,” म्हणाले, आणि तेवढ्यात चौथ्या मजल्यावरून बोलावणं आलं.

दहा मिनिटांत खाली आले. चेहरा पांढराफटक. हळू आवाजात म्हणाले, “गोदामाच्या कागदाला तीन जोडपत्रं होती, बाई. तिसऱ्यात आपण आहोत. पुढच्या गेमपासून चकती नाही, डबा नाही. आपली माणसं तिकडे बंदरावर, नान्कोच्या गोदामात बसणार.”

मी खुर्चीतून उठले. “मी वर जाते. सांगते, मी मारला म्हणून!”

“वेड्या आहात का? दुसऱ्याचा शिक्का मारला म्हणून त्याच दिवशी घरी बसवतील तुम्हाला. आई आहे ना तुमची अंथरुणावर? बसा खाली.” मग ते हसायचा प्रयत्न करत म्हणाले, “मिबूंनी आभार मानले माझे. त्सुकुदा इतका वाकलेला कधी पाहिला नव्हता, म्हणाले.”

ओरडले असते तर बरं झालं असतं. कर्म माझं, त्यांनी मलाच लोणचं वाढलं.

दहा जण नान्कोला गेले. मला तेवढं डिजिटल मुख्यालयात घेतलं. का, ते मी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. गोदामात साहेबांना एक टेबल दिलं, काम नाही. दिवसभर समोरची भिंत बघायची, म्हणजे माणूस आपणहून कंटाळून जातो. साहेब सात महिने टिकले.

डिसेंबरात सगळ्यांकडून फिरत फिरत माझ्या संगणकावर एक कागद आला : त्सुकुदा यांचा स्वेच्छेने राजीनामा, आपली संमती द्यावी. आता लाल शाई नाही, पडद्यावरचा शिक्का. मी तो उलटा करायला गेले. फिरेचना. डावीकडे कलायचा, तेवढाच. पुन्हा पुन्हा केलं. मग कागद छापून काढला, पर्समधून माझा जुना लाकडी शिक्का काढला आणि दोन्ही हातांनी दाबून मारला. डोकं खाली, पाय वर. चुलीत गेली नोकरी.

जिन्याने चौथ्या मजल्यावर गेले. कागद ठेवायचा ट्रे जागेवर नव्हता. मिबू दारातच भेटले. त्यांनी कागद हातात घेऊन नीट पाहिला आणि घडी घालून मला परत दिला.

“अहो, कशाला जिने चढलात? बारापर्यंत कुणी काही कळवलं नाही, तर यंत्र आपणच शिक्का मारतं,” ते गोड आवाजात म्हणाले. “तुमचा पडलाय, बाई. अगदी तुमच्यासारखाच कललाय.”

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.