टिल्बर्टचं एक वर्ष

आमच्या राजांची यादी माझ्या तोंडात असते. सणाच्या मेजवानीला सहा तारांचं वाद्य घेऊन उभं राहायचं आणि राजघराण्याच्या मूळपुरुष वोडनदेवापासून आजच्या राजापर्यंत प्रत्येकाचं नाव, त्याची वर्षं, त्याचा पराक्रम गायचा. लिहून कोणी ठेवत नाही. मी गाळला, की तो राजा झालाच नाही.

त्या सुगीला केनफर्थने मला बोलावून घेतलं. समुद्रापार परागंदा होता. परत आला, सख्ख्या पुतण्याला, टिल्बर्टला, मारलं आणि गादीवर बसला. टिल्बर्ट जेमतेम वर्षभर राजा होता. सातव्या वर्षापासून तो माझ्या घरी वाढला. राजाची पोरं आमच्यात परक्या घरीच वाढतात.

“म्हातारबा, त्या पोराचं नाव वगळायचं. दादानंतर थेट मी. त्याचं वर्ष माझ्यात धर.”

“आणि नदी पायी ओलांडायच्या उतारावर त्याने जिंकलेली लढाई?”

“तीही माझीच.”

“तुम्ही तेव्हा इथे नव्हतात.”

“जीभ नकोशी झालीय का रे तुला?”

मी घाबरट माणूस आहे, उगाच शूरपणाचा आव आणत नाही. भर दुपारी, भरल्या दालनात गायलो. टिल्बर्टची आई एबा रिवाजाप्रमाणे मधाच्या दारूचा पेला मानाच्या क्रमाने फिरवत होती. यादीत तिच्या पोराचं नाव ओलांडून मी पुढे गेलो तेव्हा ती थबकली. उतारावर टिल्बर्टच्या खांद्याला खांदा लावून लढलेले बहाद्दर मुकाट्याने मांस चघळत राहिले. मला त्यांची चीड आली, आणि स्वतःची त्याहून जास्त.

तेवढ्यात शेजारच्या दलदलीच्या मुलखातल्या राजाचा दूत ब्रँड उठला आणि केनफर्थकडे वळला.

“गाणं झकास! म्हणजे आमच्या राजाचा भाऊ तुमच्याकडे पाहुणा असताना मारला गेला, ते तुमच्याच वर्षात म्हणायचं?”

ज्याचं वर्ष, त्याच्याच माथी त्या वर्षाचं रक्त, हा आमच्या दोन्हीकडचा कायदा.

“बरं झालं बाबा,” ब्रँड हसला. “मेलेल्यावर आम्ही सूड कसा उगवणार होतो? आता माणूस सापडला.”

केनफर्थ ताडकन उठला. “तो खून टिल्बर्टचा. तेव्हा राजा तोच होता.”

“गाण्यात तर नाही.”

“म्हातारबा चुकला. वय झालंय.” मग माझ्या कानाशी वाकून म्हणाला, “परत गा. नाव घे, खून घे. लढाई माझ्या पहिल्या वर्षात ढकल.”

आणि मी परत गायलो. टिल्बर्ट, एक वर्ष, पाहुण्याला मारणारा. मग केनफर्थ, उतार राखणारा. खून टिल्बर्टने केला होता, हे खरंच. एकोणीस वर्षांचा होता, प्यायलेला होता, आणि नंतर माझ्या मांडीवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडला होता. यादीत रडणं घेत नाहीत. उतारावरचे बहाद्दर याही वेळी गप्प बसले. ब्रँड मान डोलावून खाली बसला.

एबा पेला घेऊन माझ्यापाशी आली. मला मान वर करवेना.

“बाई, मला माफ करा.”

“पी,” ती म्हणाली. “निदान नाव तरी आलं.”

आणि ती केनफर्थचा पेला भरायला गेली.