फंकला झील

हेमचंद्रनं तारांवर पंजा ठेवला आणि बेस गिटार गप्प झाली. मागोमाग अमेयचे ड्रम थांबले, कालिंदीचा कीबोर्ड थांबला. सांडूचा ट्रंपेट तेवढा आणखी दोन सूर पुढं गेला. तो एरवी शहागंजातल्या लग्नाच्या बँडमध्ये वाजवत असे आणि वरातीत नवरदेवाचा मामा सांगेल तेव्हाच थांबायचं असतं.

"छान झालं," हेमचंद्र म्हणाला. "फारच छान. परत घेऊ या."

प्रांजलीनं मान हलवली. माईक दोन्ही हातांनी धरून ती फळ्याकडं बघत राहिली. पुंडलिकनगरातल्या या खोलीत आठवडाभर कालिंदीची गणिताची शिकवणी चाले आणि रविवारी तिच्या नवऱ्याच्या, हेमचंद्रच्या, बँडचा सराव. दोन्हीकडं ऐकणाऱ्यांचं लक्ष साधारण सारखंच असे.

पुन्हा सुरू झालं. प्रांजलीचा आवाज बेसच्या पाठीवर बसून निघाला.

"बायपासला डोंगर गेला डंपरात बसून,
खाली गाव राहिलं माझं तोंड घेतं..."

आणि गप्प. नेमकी तिथंच फंकची, बँड वाजवायचा त्या अमेरिकन नाचऱ्या संगीताची, पहिली मात्रा यायची. फंकमध्ये बाकीच्या मात्रांवर कुणी कुठंही हिंडावं, पण पहिलीला सगळ्यांनी एकदम घरी यायचं असतं. बँड घरी येत होता. दार उघडायला कुणी नव्हतं.

दर दुसऱ्या ओळीला हेच होत होतं, आणि हा तिसरा रविवार होता. पुढच्या महिन्यात कार्यक्रम होता. खराखुरा, नाट्यगृहातला. आजवर हा बँड कंपन्यांच्या स्नेहसंमेलनांत वाजवत आला होता आणि लोक त्यांच्या संगीतावर मनापासून जेवत आले होते. मग एके सकाळी प्रांजली पॅथॉलॉजी लॅबकडून हेमचंद्रचं रक्त न्यायला घरी आली. कोपऱ्यातली बेस गिटार बघत बघत तिनं सुई टोचली आणि म्हणाली, "मी रॅप करते." फोनवर तिनं ऐकवलेल्या गाण्यात शब्द सगळे होते, एकही गळलेला नव्हता. म्हणजे पोरगी माणसांपुढं घाबरून विसरते, असा निष्कर्ष बँडनं काढला.

तिला तसं कुणी बोललं मात्र नाही. "श्वास पुरत नसेल," असं अमेय ती गेल्यावर म्हणाला होता. तो दातांचा डॉक्टर असल्यामुळं तोंडाच्या बाबतीत त्याचं मत शेवटचं मानलं गेलं. कुणाला लागेल असं बोलायचं नाही, हा बँडचा एकमेव नियम होता. त्यामुळंच बँड इतकी वर्षं टिकला होता आणि त्यामुळंच इतकी वर्षं तसाच वाजत होता.

"छान," गाणं संपल्यावर कालिंदी म्हणाली.

प्रांजलीनं माईक खुर्चीवर ठेवला आणि ओढणी सारखी केली.

"काका, पुढच्या रविवारपासून मी येत नाय."

"का गं? ड्युटी आहे का?"

"ड्युटी नाय. तुम्ही लई चांगली माणसं हायेत. तोंडानं काही म्हणला नाही. पण मला कळतंय की. तीन रविवार झाले, एकानं बी झील धरली नाय."

"काय धरली नाही?"

"झील." ती थांबली. त्यांना खरंच कळलेलं नाही, हे तिच्या ध्यानात येत होतं. "मी ओळ सोडायची आन् मागच्यांनी शेवटचा शब्द धरायचा. आमचा मुंजाबा आज्जा ओव्या म्हणतो, तिकडं दौलताबादच्या खाली. त्याच्या माणसांत कुणाला उठवायचं आसलं तर त्याला कुणी बोलत नाय. फकस्त झील धरत नाय. मग तो माणूस आपला आपण उठतो."

"आणि फोनवरचं गाणं?" हेमचंद्रनं विचारलं.

"तिथं मागं पण मीच हाय. दोनदा म्हणलं."

सांडू ट्रंपेटमधलं पाणी झटकत म्हणाला, "झील मला ठाऊक व्हती. मला वाटलं, ह्या विंग्रजी बाजात चालत नसंल."

"अगं, आम्हाला वाटलं तू शब्द विसरतेस," कालिंदी म्हणाली. "तुला वाईट वाटू नये म्हणून आम्ही..."

"म्हंजी ते 'छान' खोटं व्हतं?"

"छान आम्ही नेहमीच म्हणतो," हेमचंद्र म्हणाला. "या वेळी ते खरं होतं." मग त्यानं विचारलं, "आम्ही उठवतोय असं वाटत होतं, तर तीन रविवार आलीस कशाला?"

"तुमच्या बेससाठी. पोटात वाजतो."

हेमचंद्रनं चष्मा काढून सदऱ्याला पुसला. आजवर लोकांनी बेसला चारच तारा बघून त्याला, दोन तारा तुटल्यात का, एवढंच विचारलं होतं.

"सोड ओळ," तो म्हणाला.

तिनं सोडली. चौघांचे चार वेगवेगळे 'पुसून' आले, त्यातला सांडूचा बराच पुढं गेला. प्रांजली हसायला लागली आणि तिनं माईक उचलला.

त्या महिन्यात सरावाच्या मध्येच एकदा नळाला पाणी आलं आणि आठवड्यातून एकदाच येणारं ते पाणी भरायलाही कुणी उठलं नाही. कालिंदीनं हे नंतर बऱ्याच जणांना सांगितलं, पण कुणाचा विश्वास बसला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी नाट्यगृह अर्धं भरलं होतं. मुंजाबा मेंढरं घेऊन गोदावरीकाठी गेला होता, कारण यंदा घरच्या बाजूला चारा नव्हता. प्रांजलीनं त्याला फोनवर सांगितलं होतं की मागं चार जण हायेत. शेवटच्या ओळीलाही 'पुसून'च होतं, पण विचारून या अर्थाचं, आणि ती झील एकट्या हेमचंद्रनं धरायची, असं ठरलं होतं. त्याचा आवाज खालचा होता आणि शब्द वर, आभाळाकडं बघून म्हणायचा होता.

"टँकर आला, हंडे धावले, पाय गेले सुजून,
आभाळाला म्हणलं, बाबा, ये की वाट..."

हेमचंद्रनं तोंड उघडलं. समोर माणसं बसली होती, त्यांच्या हातांत ताटल्या नव्हत्या आणि ती पुढच्या शब्दासाठी थांबली होती. पुढं डाव्या बाजूला मुलीच्या वयाची एक पोरगी त्याच्यावर ओळ टाकून निर्धास्त उभी होती. आवाज फुटला नाही. पहिली मात्रा रिकामी गेली.

प्रांजलीनं मागं वळून पाहिलं.

त्याची बोटं तारांवर चालू होती. ओठ हलत होते. ती चार पावलं मागं आली, त्याच्या शेजारी उभी राहिली आणि माईक दोघांच्या मध्ये धरून तिनं ओळ पुन्हा दिली, जरा सावकाश.

अमेयनं दोन्ही काठ्या वर उचलल्या आणि पहिली मात्रा तशीच हवेत धरून ठेवली. कुणालाच घाई नव्हती.