डाव्या बाजूचं वजन

"थांबवा, थांबवा. हयसरच थांबवा."

मधू सामंतने चौक्याच्या तिठ्यावर गाडी कडेला घेतली. शेजारच्या सीटवर कावेरीने एक बोट तोंडात धरलं होतं. दुसऱ्या हातात दोरा ओवलेली सुई होती. मांडीवरच्या केळीच्या पानातल्या सुरंगीच्या कळ्या निम्म्या तिच्या पायाशी सांडल्या होत्या.

"लागला काय?"

"बोटाचा काय घेवन बसलास? शिवणकामवाली मी, सुयो टोचतच आसतत. पाठीचा विचारा." तिने कमरेवर हात दाबला. "कट्ट्यापासून हयसर जो खड्डो नाय तो सुद्धा माका लागलो. सामंतानू, ही गाडी एकट्या माणसाची आसा."

"हळू चालवत होतंय की मी."

"हळूच चालवत होतास. म्हणान तर जास्त येळ लागला."

तिठ्यावर वालावलकडे जाणारी एस्टी उभी होती. कावेरी उतरली. दाराला धरून थोडा वेळ वाकलेलीच राहिली आणि मग हळूहळू सरळ झाली. "देवळाकडे गाठ पडात," असं म्हणून तिने पानाची पुरचुंडी छातीशी धरली आणि ती एस्टीत चढली.

मधू एस्टीच्या मागोमाग निघाला. धामापूरच्या पुढे रस्ता मोकळा होता, पण त्याने एस्टीला मागे टाकलं नाही. ती बुटकी लाल गाडी त्या जुनाट एस्टीमागून थेट वालावलपर्यंत गेली. पण एस्टीत कावेरीच्या गावच्या, कट्ट्याच्या, दोघी ओळखीच्या निघाल्या. त्यामुळे लक्ष्मी-नारायणाच्या देवळात कावेरी एका खांबाशी उभी राहिली आणि मधू दुसऱ्या. देवाला वाहायचा सुरंगीचा वळेसर, म्हणजे गजरा, अर्धाच झाला होता. सुरंगीच्या कळ्या ऊन चढायच्या आत ओवाव्या लागतात. उमलल्या की हाताला नुसत्या पाकळ्या लागतात.

निघताना तळ्याच्या काठाशी ती त्याच्याजवळून गेली, तेव्हा न थांबता म्हणाली, "गाडी विकू नकात हां. लाल रंग बरो दिसता. पण माका तेच्यात बसाक जमाचा नाय. पाठ नाय म्हणता. मी नाय म्हणत नाय."

हे शेवटचं वाक्य मधूने घरी येईपर्यंत अनेकदा मनात म्हणून पाहिलं.

मधू त्रेपन्न वर्षांचा होता आणि मालवणच्या एका शाळेत हेडक्लार्क होता. लग्न करायचं नाही असं त्याने कधी ठरवलं नव्हतं. ते राहून गेलं, एवढंच. शाळेचे गणवेश कट्ट्याच्या बाजारात कावेरीकडे शिवायला जात, आणि ते पोचवायचं काम वर्षानुवर्षं त्याच्याकडे होतं. कावेरीचा नवरा जाऊन बराच काळ झाला होता. मशीनवर वाकून वाकून तिच्या मणक्यातली गादी सरकली होती. आधी तो तिला इतरांसारखं 'बाई' म्हणायचा. गेल्या वर्षभरात त्याने तिला काहीच म्हटलं नव्हतं. 'बाई' तोंडात येत नव्हतं आणि 'कावेरी' बाहेर पडत नव्हतं. कट्ट्याच्या बाजारात दोन माणसं बोलली की ते तिसऱ्याला कळतं. कोणी ऐकणार नाही अशी जागा म्हणजे ही गाडी. रविवारी कावेरी एस्टी स्टँडपलीकडच्या वळणावर त्याची वाट बघायची आणि तो गाडी तिथे वडाच्या आड उभी करायचा.

गाडी त्याने अडीच वर्षांपूर्वी म्हापशाच्या एका पोराकडून घेतली होती. त्या पोराने मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड आणि कडक स्प्रिंगा बसवल्या होत्या. त्यामुळे गाडी जमिनीला टेकल्यासारखी दिसायची. गावात त्यावर बोलणी झाली. "माझ्या भावान बायको नाय आणल्यान, गाडी आणल्यान," असं थोरला भाऊ दत्ताराम चारचौघांत म्हणायचा. मधू हसायचा. धामापूरच्या वळणांवर ती गाडी रस्त्याला अशी चिकटून राहायची की स्टिअरिंगमधून डांबराची खरखर हाताला कळावी. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्याने केवळ आवडली म्हणून घेतली होती.

त्या रविवारी संध्याकाळी त्याने पुतणीला विचारलं, "गो गौरजा, गाडी मऊ करूची झाली तर काय करूचा लागता?"

गौरजा भौतिकशास्त्रात एम.एस्सी. होऊन घरी आली होती आणि नोकरीच्या पत्राची वाट पाहत होती. कुणीतरी आपल्याला मोजण्यासारखं काही द्यावं, अशा अवस्थेत ती होती. "कित्याक? तुमची पाठ दुखता?"

मधूने कमरेवर हात दाबला. "होय."

हे उत्तर त्याला महागात पडलं. वहिनीने त्याच रात्री त्याची गादी काढून पलंगावर नुसती फळी ठेवली. दत्तारामने निगडीचा पाला उकळून शेक दिला आणि तेल चोळून दिलं. चोळता चोळता तो म्हणत होता, "शाळेत गेलंस तेवापासून खुर्चीत बसतंस. पाठ काय ती, पापड झालो असतलो." मधू पालथा पडून हं हं करत होता. धाकट्या भावाच्या पाठीला थोरल्याचा हात लागल्यालाही चाळीस वर्षं झाली असावीत. त्याने खरं सांगून टाकलं नाही, याला तेही एक कारण होतं.

दत्तारामचा स्वतःचा एक उपायही होता. "डिकीत तांदळाची गोण टाक. रिकामी गाडीच उसळता."

"बाबा सांगतत ता खरा आसा," गौरजा म्हणाली. तिलाच त्याचं आश्चर्य वाटलं. "वजन वाढला की तीच स्प्रिंग सावकाश हलता."

उकड्या तांदळाची गोण डिकीत गेली. मागची बाजू खरोखरच जरा सुधारली. पण शाळेजवळच्या गतिरोधकावर गाडीचं पोट खरवडलं, आणि पुढच्या सीटवर धक्का होता तसाच राहिला. गोण परत घरात आली.

मग गौरजाने फोन डॅशबोर्डवर चिकटवला. फोन गाडीचे हेलकावे मोजत होता. ती मधूला घेऊन कट्ट्यापर्यंत जाऊन आली आणि अंगणात बसून आलेख दाखवू लागली. "ह्या बगा काका. तुमची गाडी सेकंदाक जवळजवळ अडीच येळा वरखाली होता. माणूस चालता तेवा तेचा अंग साधारण पावणेदोन येळा हलता. गाडी तेच्या खाली इली की शरीराक वळखीचा वाटता, चालल्यासारख्या. तेच्या वर गेली की शरीर म्हणता, ह्या काय चल्ला माझा?"

"म्हणजे चालल्यासारखी व्हयी."

"सावकाश चालल्यासारखी." तिने फोन खाली ठेवला. "काका, गाडयेत सुरंगीचो वास कसो येता?"

"फवारो मारलंय."

"सुरंगीचो फवारो गावता?"

"आता सगळा गावता," मधू म्हणाला आणि उठून आत गेला.

शनिवारी दोघं कुडाळला विनीतच्या गॅरेजमध्ये गेली. विनीत पुण्यात शर्यतीच्या गाड्यांवर काम करून परत आलेला तिशीचा मुलगा होता. त्याने गाडी खालून पाहिली, चारही कोपरे दाबून पाहिले आणि हात पुसत विचारलं, "काकानू, तुमका नेमका काय व्हया? वळणार चिकटान रवाक व्हयी, की खड्डो कळाक नको? दोनय पुरेपूर एका गाडयेत गावाचा नाय."

मधूने गाडीकडे पाहिलं. "खड्डो कळाक नको."

"वळणार जरा कलतली."

"कलूंदे."

"उंच दिसतली. आताची ही ऐट ऱ्हवाची नाय."

"विनीत, तू विकतंस काय परावृत्त करतंस?"

विनीत हसला. त्याने बाकावर दोन जोड मांडले. एक कंपनीच्या मूळ मापाचा होता. तो आताच्यापेक्षा मऊ होता, पण गाडीच मुळात तरुणांसाठी केलेली, त्यामुळे फार मऊ नाही. दुसऱ्यात लांब, आणखी मऊ स्प्रिंगा होत्या, आणि सोबत घट्ट-सैल करता येणारे शॉकअप. चाकंही एका मापाने लहान करून जाड कडेचे टायर घालावेत, असं त्याने सुचवलं. निम्मा धक्का रबरच खाईल. गौरजाने दोन्हींचे आकडे विचारून फोनवर गणित केलं आणि दुसऱ्या जोडावर बोट ठेवलं. मधूने मान हलवली.

"पण मऊ स्प्रिंगेचा एक आसा," विनीत म्हणाला. "तिका वजन कळता. म्हणान बसवल्यार मी गाडी काट्यार उभी करतंय, आणि जितकी माणसा रोज बसतत तितक्या वजनाच्या वाळूच्यो पिशयो सीटार ठेवतंय. मगे चारय कोपऱ्यांची उंची लावतंय. तुमचा वजन किती?"

"काकांचा अडुसष्ट," गौरजाने सांगितलं. "डाव्या बाजूक काय नको. काका एकटेच आसतत."

विनीतने वाळूच्या पिशव्या ड्रायव्हरच्या सीटवर ठेवल्या आणि दार लावायला हात पुढे केला.

"ठेव," मधू म्हणाला.

"काय?"

"डाव्या बाजूक पण ठेव. दोन माणसा."

 गौरजा काकाकडे पाहत राहिली. विनीतला यात विशेष काही वाटलं नाही. त्याने विचारलं, "वजन?"

 कट्ट्यातल्या निम्म्या माणसांची मापं कावेरीजवळ होती. त्याच्या स्वतःच्या खांद्यांचं आणि मनगटाचं मापही तिला पाठ होतं. तिचं माप मात्र कुणी घेतलं नव्हतं. "माका म्हायत नाय," तो म्हणाला. "माझ्या खांद्याक लागता. बारीक आसा. पण पिशवी उचलूची झाली तर दोन हातांनी उचलता. पाठ दुखता तिची."

गौरजाने ओठ आवळले. मग ती विनीतला म्हणाली, "पंचावन्न ठेवा. कट्ट्याच्या कावेरीताई. मी ब्लाउज शिवूक टाकतंय त्यांच्याकडे. दुकानात सुरंगीचो तोच वास येता."

मधूने चमकून पाहिलं.

"फवारो न्हय तर," ती म्हणाली.

"नाय."

"आणि तुमची पाठ?"

"बरी आसा. कधी दुखाकच नाय."

"मगे आठवडोभर बाबा तेल चोळतत ता?"

"ता बरा वाटता गो."

गौरजा एवढी हसली की विनीत पिशवी हातात धरूनच थांबला. मग तिने स्वतः वाकून शेवटची पिशवी डाव्या सीटवर नीट मध्यभागी सरकवली आणि तिच्यावरून सीटबेल्ट लावला. विनीत म्हणाला बेल्टची गरज नाही. ती म्हणाली, असूंदे.

परतताना धामापूरच्या वळणावर गाडी कलली. अगदी थोडी, पण मधूच्या हातांना ते कळलं. पूर्वी इथे रस्ता तळव्यात जाणवायचा, आता तो जाड कापडामागून बोलल्यासारखा वाटत होता. ते गेलं ते गेलंच. पुढच्या वळणावर त्याने आधीच वेग कमी केला.

"घराकडे काय सांगतलास?" गौरजाने विचारलं.

"पाठ बरी झाली."

"आणि बाकीचा?"

मधूने गॅरेजमधून निघतानाच कावेरीला गाडी मऊ झाल्याचं फोनवर कळवलं होतं. "उद्या मी वडाकडे थांबाचंय नाय," तो म्हणाला. "दुकानासमोर थांबतलंय."

अंगणात दत्तारामने गाडीभोवती एक फेरी मारली. "आता कशी गाडी दिसता! उभी ऱ्हवली जरा. तुझी पाठ?"

"सरळ आसा."

"तरी आज तेल लावूया," दत्ताराम म्हणाला.

रविवारी सकाळी कट्ट्याचा बाजार उघडत होता. मधूने लाल गाडी कावेरीच्या दुकानासमोर उभी केली आणि हॉर्न न वाजवता खाली उतरला. समोरच्या हॉटेलात चहा पीत बसलेल्यांनी माना वळवल्या. कावेरी दारात आली. तिने आधी रस्त्याकडे, मग हॉटेलाकडे आणि मग त्याच्याकडे पाहिलं.

"हयसर कित्याक?" ती हळूच म्हणाली. "मी वडाकडेच निघालंय."

"आता गाडी उंच झाली," मधू म्हणाला. "वडाआड मावाची नाय." आणि त्याने डाव्या बाजूचं दार उघडलं. "ये, कावेरी."

 आत जाऊन तिने केळीच्या पानातली पुरचुंडी आणली, दुकानाचं दार ओढून घेतलं आणि सगळ्या बाजारासमोरून चालत येऊन गाडीत बसली. बसताना तिला वाकावं लागलं नाही.

चौक्यापर्यंत ती कमरेवर हात ठेवून होती. तिठा आला आणि मागे गेला. धामापूरच्या अलीकडे रस्ता उखडलेला होता. मधू स्टिअरिंग घट्ट धरून तिच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होता. खड्डे येत होते आणि गाडी त्यांच्यावरून सावकाश, रमतगमत चालत होती. थोड्या वेळाने त्याला पान उलगडल्याचा आवाज आला. मग सुरंगीचा वास. कावेरी सुई काढून कळ्या ओवत होती.

"टोचली?" त्याने विचारलं.

"रस्त्याकडे बगा तुमी."

नेरूरपारचा पूल ओलांडेपर्यंत देवाचा वळेसर पुरा झाला. तिने दोऱ्याला गाठ मारली, दातांनी तो तोडला आणि वळेसर पानात ठेवला. पानात थोड्या कळ्या उरल्या होत्या. तिने त्या कितीतरी वेळ बोटांनी हलवल्या. नवरा गेल्यापासून तिने केसांत फूल घातलं नव्हतं. घालू नको असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. घाल असंही कुणी म्हटलं नव्हतं.

तिने उरलेला दोरा सुईत ओवला. हा वळेसर लहानच झाला, वीतभर. तो हातात धरून तिने समोरच्या काचेवरची उन्हाची झडप खाली ओढली. झडपेच्या मागे एक छोटा आरसा होता. अडीच वर्षं गाडी चालवूनही मधूला तो माहीत नव्हता. त्या बाजूला बसून झडप ओढणारं कुणी नव्हतंच.

वालावलचं तळं दिसू लागलं. पुढे एक गतिरोधक होता. मधूने गाडी अगदी हळू केली, आणि कावेरीने केसातली पिन दातांत धरून मान थोडी तिरकी केली.