खोटारडा पारा

मी एक जुना, पाऱ्याचा रक्तदाबमापक आहे, मित्रांनो. काचेची नळी, दंडाला गुंडाळायचा पट्टा आणि हाताने दाबायचा रबरी फुगा, एवढाच माझा संसार. उमेदीची वर्षं दवाखान्यात काढली. तिथली परिचारिका निवृत्त झाली, तेव्हा तिने मला आपल्या घड्याळजी भावाच्या हवाली केलं आणि त्याला रक्तदाब मोजायलाही शिकवलं.

घड्याळजी भारी संशयी. त्याची बायको शिवणकाम करायची. मशीनवर बसल्या बसल्या तिला अचानक दरदरून घाम फुटायचा, छाती धडधडायची, डोकं ठणकायचं. तो धावत मला आणायचा, तर माझा पारा पार वर! थोड्या वेळाने पाहावं, तर पुन्हा जागच्या जागी.

"हा खोटारडा आहे," तो म्हणाला. त्याने मला खोललं, पुसलं, पुन्हा जोडलं. दोष सापडेना, तेव्हा संशय बायकोवर गेला. "तुझ्या मनाचे खेळ आहेत सगळे."

त्यानंतर तिने त्रास सांगणंच सोडलं. मला कपाटावर टाकलं गेलं. तिथल्या धुळीपेक्षा तिचं ते गप्प बसणं मला जास्त टोचलं.

पुढे तिच्या पोटात कळा आल्या. मूतखडा असेल म्हणून स्कॅन केला. खडा नव्हताच, पण मूत्रपिंडाच्या वरच्या ग्रंथीत गाठ दिसली.

"खडा शोधायला गेलो आणि गाठ गळ्यात मारतात! गिऱ्हाईक गटवायचे धंदे!" घड्याळजी फणफणला.

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडून घाम, धडधड असं सगळं ऐकून घेतलं आणि घरचं यंत्र मागवलं, म्हणून मी पिशवीतून दवाखान्यात गेलो. त्या म्हणाल्या, "अशा अवचित सापडलेल्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. पण ही गाठ रक्तात काही सोडते का, ते आधी तपासू."

"सुई टोचून तुकडा काढा की. सोक्षमोक्ष लागेल," घड्याळजी म्हणाला.

"तपासणीआधी सुई नाही. गाठ खवळली तर जिवावर बेतेल."

मग त्यांनी आपल्या यंत्राशी मला ताडून पाहिलं. "यात काही खोट नाही. आणि यांच्या सांगण्यातही नसावी."

घड्याळजीने मान खाली घातली.

रक्ताच्या आणि लघवीच्या तपासण्यांत चोर सापडला. रक्तदाब भडकवणारी रसायनं ती गाठच सोडत होती. आधी गोळ्यांनी रक्तदाब काबूत आणला, मगच शस्त्रक्रिया केली. गाठ निघाली.

ती घरी आल्यावर त्याने मला तिच्या दंडाला बांधलं. पारा शांत. त्याने पुन्हा मोजलं. पुन्हा शांत.

"अजून विश्वास नाही माझ्यावर?" तिने विचारलं.

"तुझ्यावर आहे गं. त्या गाठीवर नाही. डॉक्टरीणबाईच म्हणाल्यात, अधूनमधून तपासत राहा."

ती हसली, तशी पट्ट्यासकट मीही हललो.

मित्रांनो, मी आता थकलोय. नळी फुटली तर माझा पारा घातक ठरेल, म्हणून मला जपून जाणकाराच्या हवाली करा. आणि घरातलं कुणी "मला कसंतरी होतंय" म्हणालं, तर आधी त्याच्याजवळ बसा. शंका मग खुशाल घ्या.